उंबराच्या खांबाचं पान

मित्रांनो, मी वीज कचेरीतला एक जुना टॅब आहे. माझी काच एका कोपऱ्यात तडकलेली आहे आणि चार्जिंगची पिन जरा वाकडी करून लावल्याशिवाय लागत नाही. पण माझी ओळख मागाहून. आधी आमच्या कचेरीचे मुख्य, अमोल साहेब, यांना माझ्यामुळे काय काय मिळणार होतं ते मोजू. माणूस नवी वस्तू आणतो तेव्हा वस्तूकडे कमी आणि स्वतःच्या सोयीकडे जास्त बघत असतो, हे मी खोक्यातून बाहेर आलो त्याच दिवशी ओळखलं.

पहिली सोय कपाटाची. कचेरीत एक लोखंडी कपाट होतं. त्यात नकाशांच्या गुंडाळ्या होत्या आणि गुंडाळ्यांत झुरळं होती. ते कपाट रिकामं होणार होतं. दुसरी सोय रस्त्याची. साहेब राहायचे नाशिकला, इंदिरानगरात, आणि कचेरी होती पेठच्या वाटेवर, डोंगर सुरू होतात तिथं. आता लाइनचा नकाशा घरच्या गॅलरीत चहा घेता घेता बघता येणार होता. तिसरी सोय नावाची. नाशिकच्या बैठकीत वरचे साहेब विचारणार, "हे कुणी केलं?" आणि अमोल साहेब खाली बघून हसणार. ते हसणं त्यांनी माझ्या काचेत दोनदा करून पाहिलं होतं. चौथी सोय त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवली नाही. सहादू तात्यांपासून सुटका.

सहादू तात्या हे त्या कचेरीतले सगळ्यांत जुने वायरमन. चौतीस वर्षं त्यांनी डोंगरातल्या पाड्यापाड्यांवर वीज नेली. सरकारी नकाशा एक सांगायचा आणि डोंगर दुसरंच. दर वादळाला कुठं खांब पडायचा, कुठं तार फिरवून घ्यावी लागायची, आणि हे बदल नकाशात कधी चढायचे नाहीत. ते चढायचे तात्यांच्या वहीत. अशा सात वह्या होत्या, तपकिरी कागदाची कव्हरं घातलेल्या. त्यांत खांबांना नंबर नव्हते, नावं होती. शाळेमागचा खांब. खेकड्याच्या दगडाचा खांब. उंबराचा खांब.

लाइन गेली की सगळी कचेरी तात्यांच्या टेबलाभोवती यायची. साहेबही यायचे. "तात्या, जरा बघता का?" तात्या आधी सुपारी कातरायचे, मग वही काढायचे आणि पान उघडून दाखवायचे. पण पान पूर्ण कधी दिसायचं नाही. अर्ध्या पानावर तात्यांचा अंगठा असायचा. हवं तेवढं दाखवून ते वही मिटायचे. चौतीस वर्षांत त्यांनी कुणालाही शिव्या दिल्या नाहीत आणि कुणालाही पूर्ण पान दाखवलं नाही. या दोन्ही गोष्टी मी त्यांच्या नावावर मांडून ठेवल्या आहेत.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. कचेरीत आल्यावर त्यावरच साठ्याच्या नंबराची चिकटपट्टी लावली गेली. त्यामुळे मी कुठला, हे मलाही आता सांगता येत नाही. बत्तीस जीबीचं पोट, आठ इंची काच आणि पाठीला काळं रबरी कव्हर, एवढीच माझी इस्टेट.

तात्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. साहेबांनी वह्या मागितल्या.

"तात्या, फोटो काढून ठेवू. तुम्ही गेल्यावर आम्ही काय करायचं?"

"का, डोंगर घेऊन चाललोय का मी?" तात्या म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी वह्या आणून ठेवल्या. वरच्या वहीला कुंकवाचं बोट लावलेलं होतं.

फोटो काढायचं काम आलं धनराजवर. धनराज हा कंत्राटावरचा वायरमन, याच डोंगरातला, सव्वीस वर्षांचा. पाठीत वाकायचा नाही आणि बोलताना हसल्याशिवाय राहायचा नाही. तीन दिवस तो मला दोन्ही हातांत धरून वह्यांवर ओणवा होता. एकूण तीनशे बारा पानं. उजव्या हाताचं बोट त्यानं माझ्या काचेवर तीनशे बारा वेळा टेकवलं. त्या बोटाची मला सवय झाली. कोरडं, जरा खरखरीत, आणि कधीही दोनदा न दाबणारं.

सहाव्या वहीत एका पानावर तो थांबला. पान एकेचाळीस. वर लिहिलं होतं, उंबराचा खांब. खाली लाइनचं चित्र, आणि खांबाशेजारी लाल शाईची जाड फुली. समासात मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी खरडलेलं होतं.

"तात्या, ही फुली कसली?"

तात्या दारात बसून बुटाची नाडी बांधत होते. "तुझं काम फोटो काढायचं. काढ."

धनराज हसला आणि त्यानं फोटो काढला. मित्रांनो, हा प्रश्न आणि हे उत्तर लक्षात ठेवा. त्या दिवशी धनराजशिवाय कुणी ठेवलं नाही.

साहेबांनी सगळे फोटो क्लाऊडमध्ये चढवले. क्लाऊड म्हणजे काय, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. कुठंतरी लांब मोठमोठी यंत्रं असतात, त्यांत आपल्या फाइली राहतात. इंटरनेट असलं की मी हाक मारतो आणि फाइल माझ्या काचेवर येते. माझ्याजवळ असतं ते फक्त नाव. फाइल इंटरनेटशिवाय उघडायची असेल तर आधीच, रेंज असताना, तिच्यावर बोट ठेवून 'ऑफलाइन ठेवा' म्हणावं लागतं. मग ती खरोखर माझ्या पोटात उतरते आणि नावापुढे छोटीशी बरोबरची खूण येते. नाशिक रोडला एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. तिथं वेदिका नावाच्या बाईंनी हे सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "खूण आहे म्हणजे फाइल आहे. नुसतं नाव दिसतंय म्हणजे काही नाही." साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. ती वही अजून त्यांच्या बॅगेत असेल.

तेव्हा साहेबांनी कामात कसूर केली नाही, हेही मला सांगितलं पाहिजे. एक रविवार त्यांनी इंदिरानगरच्या गॅलरीत घालवला आणि तीनशे बाराच्या तीनशे बारा पानांवर खुणा केल्या. माझं पोट भरलं. सोमवारी त्यांनी सगळ्या कचेरीला गोळा केलं आणि माझ्यावरचं विमानाचं चिन्ह दाबलं.

"हे दाबलं की इंटरनेट बंद."

"ओझरला विमानं बनतात ती वर उडतात," तात्या म्हणाले. "ह्या विमानानं काय उडवलं?"

"इंटरनेट उडवलं, तात्या. आता बघा." साहेबांनी एका पानावर बोट ठेवलं. उघडलं. दुसरं उघडलं. तात्यांनी स्वतः बोट लावून तिसरं उघडलं. त्यांचंच अक्षर, त्यांच्याच अंगठ्याशिवाय, पूर्ण पान. तात्यांनी पानावर अंगठा ठेवला आणि उचलला.

"सगळं आत गेलं म्हणायचं," ते म्हणाले आणि सुपारी न कातरता उठून गेले.

त्यानंतर माझे सुखाचे दिवस आले. मी धनराजच्या पाठपिशवीत बसून डोंगर चढायचो. जिथं रेंज मरते अशा दरीत तो मला खांबाला टेकवून उभं करायचा, पान उघडायचा आणि वर चढायचा. वायरमन काम कसं करतात ते मी तिथं पाहिलं. आधी सबस्टेशनमधून लाइन बंद करून घ्यायची आणि तशी चिठ्ठी सहीनिशी खिशात ठेवायची. मग तारेला चाचणीची काठी लावून बघायची. मग तारांवर लोखंडी साखळी टाकून तिचं टोक जमिनीत पुरायचं, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जाईल. तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय धनराज तारेला हात लावायचा नाही. "सविता घरी वाट बघते," असं तो मला सांगायचा. सविता म्हणजे त्याची बायको. मला सांगायचा, कारण तिथं दुसरं कुणी नसायचं.

नाशिकच्या बैठकीत साहेबांचं कौतुक झालं. वरचे साहेब म्हणाले, त्या मूळ वह्या इकडे आणा, काचेच्या कपाटात मांडू, लोकांना दिसू द्या. सात वह्या नाशिकला गेल्या. त्यांच्यापुढे 'अनुभवाचा ठेवा' अशी पाटी लागली आणि कपाटाला कुलूप. किल्ली कुणाकडे आहे, हे पुढं बराच काळ कुणालाच आठवेना.

मग जूनमध्ये तात्या निवृत्त झाले. कचेरीच्या अंगणात मांडव घातला. समारंभ माझ्यात चित्रित करायचा, हेही साहेबांनीच ठरवलं. मला एका खुर्चीवर पुस्तकांचा आधार देऊन उभं केलं आणि मी पन्नास मिनिटं बघत राहिलो. सरपंच बोलले, साहेब बोलले, धनराज बोलताना रडला आणि मग रडल्याबद्दल हसला. तात्या हारात बुडून बसले होते. बोलण्याची पाळी आली तेव्हा त्यांनी हार काढला नाही.

मध्येच माझ्या काचेवर एक सूचना आली. जागा संपत आली आहे. ऑफलाइन ठेवलेल्या फाइली काढून जागा मोकळी करायची का? मूळ फाइली क्लाऊडमध्ये सुरक्षित राहतील.

साहेबांच्या एका हातात पेढा होता. त्यांनी सूचना वाचली. म्हणजे शेवटचा शब्द वाचला. सुरक्षित. दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यांनी 'हो' दाबलं. त्या बोटालाही पेढा लागलेला होता. तो चिकट ठसा माझ्या काचेवर आठवडाभर होता.

तीनशे बारा पानं माझ्या पोटातून निघून गेली. मला दुखलं नाही. रिकामं होताना दुखत नाही, म्हणून तर ते कुणाला कळत नाही. यादीत नावं होती तशीच राहिली. शाळेमागचा खांब, खेकड्याच्या दगडाचा खांब, उंबराचा खांब. फक्त नावांपुढच्या छोट्या खुणा गेल्या. दाराला पाटी आणि आत माणूस नाही, असं माझं झालं. आणि त्या मोकळ्या जागेत तात्यांचा सत्कार आरामात पसरून बसला.

मला बोलता आलं असतं तर मी ओरडलो असतो. पण आम्हाला कुणी विचारलं तरच उत्तर देता येतं, आणि कुणी विचारलंच नाही. कचेरीत रेंज होती, तिथं पानं पूर्वीसारखीच उघडत होती. नेहमीचे खांब धनराजला आता पाठ झाले होते. विमानाचं चिन्ह पुन्हा कुणी दाबलं नाही. जून गेला, सप्टेंबर गेला. रोज सकाळी मला चार्ज करायचे, पुसायचे, पिशवीत ठेवायचे. काच किती स्वच्छ होती माझी.

ऑक्टोबरात परतीच्या पावसानं एका संध्याकाळी डोंगर झोडपला. वारा असा की धोंडपाड्याची लाइन तीन ठिकाणी तुटली. धोंडपाडा आणि त्याच्या मागचे पाच पाडे अंधारात गेले. मोबाइलचा टॉवरही त्याच लाइनवर होता. त्याची बॅटरी एक रात्र टिकली, मग तोही गेला. गंमत बघा. टॉवरला जगायला वीज हवी, वीज जोडायला मी हवा, आणि मला पान दाखवायला टॉवर हवा.

तिसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं. साहेब आणि धनराज जीपनं निघाले. ओहोळाला अजून पाणी होतं, म्हणून जीप अलीकडे ठेवली आणि शिडी, दोर, साखळी, चाचणीची काठी आणि मी, असे चालत पलीकडे गेलो. सबस्टेशनची चिठ्ठी साहेबांच्या खिशात होती. सगळं रीतसर होतं. दोन तुटलेल्या जागा साडेदहापर्यंत जोडून झाल्या. तिसरी होती उंबराच्या खांबावर.

त्या खांबावर तात्या दुसऱ्या कुणाला कधी चढू द्यायचे नाहीत. त्याच्या वरच्या आडव्या पट्टीवर तीन तारा होत्या. खालच्या पट्टीवर आणखी तीन, झाडीतून येऊन झाडीत जाणाऱ्या. वरच्या तारांपैकी एक तुटून खालच्या तारांवर लोंबत होती.

पाड्यातली दहा-बारा माणसं जमली होती. पुढं भिमाबाई, कमरेवर हंडा घेऊन. सत्तरीची असेल, पण आवाज खणखणीत.

"साहेब, दोन दिस झालं. मोटर नाय, पानी नाय. पोरी व्हळाचं गढूळ पानी आनत्यात."

"होतंय आजी. दुपारपर्यंत."

"तात्या व्हता तवा त्याच्या हातात वही असायची आन लाइट यायची. तुमच्या हातात ही एवढी पाटी हाय, तरी लाइट नाय."

माणसं हसली. साहेबही हसले, पण कान लाल झाले. ते मी अगदी जवळून पाहिलं.

धनराज खांबाकडे बघत होता. "साहेब, ह्या पोलच्या पानावर लाल फुली होती. मी फोटो काढला तेव्हा बघितलेली. जरा उघडा ना."

साहेबांनी मला बाहेर काढलं. यादी उघडली, खाली गेले, उंबराचा खांब या नावावर बोट ठेवलं. माझ्या काचेवर गोल फिरू लागलं. फिरत राहिलं. मग मी म्हणालो ते एवढंच: इंटरनेट उपलब्ध नाही.

त्यांनी पुन्हा दाबलं. शाळेमागचा खांब दाबला. खेकड्याचा दगड दाबला. "असं कसं? सगळी आत आहेत. मी स्वतः ठेवली होती." मग त्यांनी वरच्या शोधपट्टीत 'सहादू' लिहिलं. माझ्या पोटात सहादू नावाचं एकच काही होतं. त्यावर बोट पडलं आणि ते एका क्षणात उघडलं.

रानात तात्यांचा आवाज घुमला. हारात बुडलेले तात्या म्हणत होते, "मी आता रिकामा झालो. जे जे मला ठाऊक, ते सगळं साहेबांच्या डब्यात टाकलंय. आता माझी गरज नाही." मागून टाळ्या.

"आरं, तात्या," भिमाबाई म्हणाली आणि हंडा खाली ठेवून बघायला पुढं आली.

धनराज हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी तात्यांना मध्येच बंद केलं.

आता मित्रांनो, करायचं काय होतं ते सोपं होतं. चालत ओहोळापर्यंत, मग जीपनं नाशिकच्या रस्त्याला लागेपर्यंत, तिथं रेंज, पान उघडायचं, परत. तीन तास. साहेबांनी माझ्यातलं घड्याळ बघितलं. अकरा वाजून पस्तीस. मग त्यांनी भिमाबाईच्या हंड्याकडे बघितलं, आणि मघाशी हसलेल्या माणसांकडे.

"फुली म्हणजे पोल बुडाशी गंजलेला असणार," ते म्हणाले. "तात्या तसंच करायचे ना, बदलायच्या पोलवर फुली?"

"काय माहीत साहेब. मी विचारलेलं, तर तात्या म्हणाले फोटो काढ."

"गंजलेलाच असणार. पोलच्या मध्यावर दोर बांधू, चौघं धरतील. चिठ्ठी आहे, वरच्या लाइनवर साखळी टाक. काय राहिलं मग?"

धनराजनं खांबाच्या बुंध्याला टिचकी मारली. खांब लोखंडी होता, त्याचा आवाज चांगला आला. तो म्हणाला, "पोल तर ठणठणीत दिसतोय, साहेब." साहेबांनी दोर सोडवायला घेतला. पाड्यातल्या चार गड्यांनी दोर धरला. ते फार मन लावून धरत होते. ज्या गोष्टीचा धोका नव्हता, तिच्यावर चार माणसं नेमली गेली.

मला एका दगडावर टेकवून ठेवलं होतं. मला सगळं दिसत होतं. धनराजनं चाचणीची काठी वर लावली. वीज नव्हती. खालच्या तारांना लावली. तिथंही नव्हती. त्यानं साखळी वरच्या तारांवर टाकली. खालच्या तारा ह्याच पाड्याच्या असणार, त्यांना वेगळी साखळी कशाला, असं दोघांनी धरलं. धनराज चढला. दोन्ही हातांनी काम करू लागला. वरून तो भिमाबाईला म्हणाला, "आजी, चहा टाक. उतरतोच."

"दूध नाय रं, कोरा चालंल का?"

"चालंल."

पलीकडच्या खोऱ्यात दुसरं एक सबस्टेशन आहे. वादळानं तेही बंद पडलं होतं. तिथल्या माणसानं आपलं काम चोख केलं. बिघाड शोधला, दुरुस्त केला, आणि बारा वाजून वीस मिनिटांनी आपली लाइन चालू केली. त्याची काही चूक नाही. त्याच्या नकाशात उंबराचा खांब नव्हताच.

बारा वीस. माझ्यातलं घड्याळ बरोबर होतं.

तो आवाज मी सांगणार नाही. दोर धरलेले चौघे तसेच उभे राहिले, कारण खांब हलला नव्हता. साहेब धावले तेव्हा त्यांचा पाय मला लागला आणि मी दगडावरून खाली पडलो. काचेचा कोपरा तेव्हा तडकला. पडल्या पडल्या मला आकाश दिसत होतं, उंबराची पानं दिसत होती, आणि कमरेच्या सुरक्षापट्ट्याला लोंबकळलेला धनराज.

त्याला शिडीवर निजवून ओहोळ पार केला. अंगावर भिमाबाईची गोधडी होती. जीपपर्यंत तो एकदाच बोलला. "साखळी टाकली होती ना मी?" साहेब म्हणाले, "टाकली होती." ते खरं होतं.

धनराज वाचला. नाशिकच्या दवाखान्यात त्याचा उजवा हात कोपराच्या वरून काढावा लागला.

दोन दिवसांनी दुसऱ्या तुकडीनं दोन्ही बाजूंनी लाइन बंद करून काम पुरं केलं. टॉवर उठला, डोंगरात रेंज आली. साहेब दवाखान्याच्या व्हरांड्यात बसले होते. नाशिकला रेंज पहिल्यापासून होती, पण त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा काढलं आणि उंबराच्या खांबावर बोट ठेवलं. पान एका क्षणात उघडलं. एक रेघ पुसली नव्हती, एक अक्षर हरवलं नव्हतं. लाल फुली, आणि समासात मुंगीएवढी अक्षरं. साहेबांनी दोन बोटांनी ती मोठी केली. 'पुराच्या वर्षी पलीकडच्या खोऱ्यातून तार आणली, खालची. इथं दोन्हीकडून वीज येते. दोन्हीकडून बंद केल्याशिवाय हात लावू नये.'

सविता समोरच्या बाकावर होती. साहेबांनी मला तिच्यापुढे धरलं. का धरलं ते त्यांनाही कळलं नसेल. तिनं पान वाचलं.

"हे होतं कुठं, साहेब?"

"होतं ताई. पूर्ण सुरक्षित होतं."

"कुणापासून?"

साहेबांनी मला पान उघडं तसंच मांडीवर ठेवलं. 

तेवढ्यात तात्या आले. निवृत्तीनंतर ते नाशिक रोडला मुलीकडे राहत होते. ते एकटेच आले होते. त्यांनी पान बघितलं. अंगठा त्यावर नव्हता तरी ते नीट बघू शकले नाहीत.

"तात्या," सविता म्हणाली, "ह्यांनी तुम्हाला विचारलेलं ना, फुली कसली ते? मला घरी येऊन सांगितलं होतं. म्हणाले, तात्या सांगत नाहीत, पण एक दिवस काढून घेतो त्यांच्याकडून."

 तात्या म्हणाले, "सांगितलं असतं तर पोरी, मला कोण विचारणार होतं?" आणि दाराबाहेरच्या चपलांच्या ढिगाशेजारी खाली बसले. आत धनराजसमोर जायचं धाडस त्यांचं झालं नाही, ते दुसऱ्या दिवशी झालं.

याला आता एक वर्ष झालं. अमोल साहेबांची बदली ओझरच्या बाजूला झाली. तात्या आठवड्यातून दोनदा पहाटेच्या एसटीनं येतात. कचेरीतल्या नव्या वायरमन पोरांना घेऊन डोंगर चढतात, आणि जिथं जिथं फुली आहे तिथं थेट खांबावर लाल रंगाचा पट्टा मारून घेतात. का मारला ते सांगतात, आणि पोरांकडून परत म्हणून घेतात. चढणीवर त्यांना दम लागतो. सुपारी त्यांनी सोडली. नाशिकच्या कपाटाची किल्ली सापडली. वह्या परत आल्या आणि त्या लोखंडी कपाटात आहेत. कपाटाला कुलूप नाही.

मला मोडीत काढायचं ठरलं होतं. धनराजनं नको म्हटलं. तो आता कचेरीत बसतो, तक्रारींचे फोन घेतो. दर सोमवारी तो मला खणातून काढतो, वाकडी पिन लावतो आणि विमानाचं चिन्ह दाबतो. मग एक एक पान उघडून बघतो. तीनशे बारा. डाव्या हाताचं बोट अजून सरावलेलं नाही, ते कधी कधी दोनदा दाबतं. एखादं पान उघडलं नाही तर तो विमान काढून, रेंज घेऊन, ते पुन्हा माझ्या पोटात उतरवतो. जागा हवी म्हणून त्यानं तात्यांचा सत्कार पुसायचं ठरवलं होतं. बोट तिथवर नेलं आणि मागं घेतलं. तो सत्कार अजून आहे. त्यात धनराज दोन्ही हातांनी टाळ्या वाजवतो.

मित्रांनो, तुम्हीही तुमची पुस्तकं, प्रमाणपत्रं, आजोबांचे फोटो, आईच्या औषधांचे कागद असेच लांब कुठंतरी ठेवून निश्चिंत असाल. असू द्या. फक्त एकदा, काही अडलेलं नसताना, ते विमानाचं चिन्ह दाबा आणि मग उघडून बघा. जे उघडेल तेवढंच तुमच्याजवळ आहे. आणि घरात कुणी जुनं माणूस असेल, तर फोटो काढता काढता त्याला विचारा, ही फुली कसली? उत्तर मिळाल्याशिवाय पुढचं पान उलटू नका.

आता सुरुवातीला मांडलेला हिशेब पुरा करतो. अमोल साहेबांना रिकामं कपाट मिळालं होतं, ते पुन्हा भरलं. गॅलरीत चहाबरोबर नकाशा मिळाला होता, तो बदलीबरोबर सुटला. नाव मिळालं होतं, ते गेलं. सहादू तात्यांपासून सुटका मिळाली होती, ती चार महिने टिकली. तात्यांना कुणीतरी विचारायला हवं होतं. आता आठवड्यातून दोनदा पोरं विचारतात. धोंडपाड्याला पाचव्या दिवशी पाणी मिळालं. पलीकडच्या खोऱ्याला वीज मिळाली बारा वाजून वीस मिनिटांनी. मला एक तडा मिळाला, पण मी चालतो.

या सगळ्याची भरपाई एकाच्या खात्यातून झाली. रोज सकाळी सविता त्याच्या शर्टाची बटणं लावते, उजवी बाही दुमडून पिनेनं टाचते, आणि मग तो कामावर येतो.